प्रबोधिनी पाहून आलात. नेमके काय पाहिलेत?

मे महिना लागला की वऱ्हाडातील मध्यमवर्ग गाव सोडतो. पारा पंचेचाळिशीकडे धावू लागतो, कूलरच्या टाकीला पाणी पुरत नाही, शाळांना कुलुपे लागलेली असतात आणि पुण्याला एखादा मामा किंवा एखादी आत्या नोकरीनिमित्त स्थायिक झालेली असतेच. मग चांदूर रेल्वेच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट पाहणारी कुटुंबे दिसू लागतात. पुण्यातील कार्यक्रमही ठरलेला. दगडूशेठचे दर्शन, शनिवारवाडा, एक दिवस सिंहगड, गडावरची पिठले-भाकरी आणि परतताना खडकवासल्याच्या धरणाकाठी भाजलेले कणीस. ज्यांची कोणाशी ओळख निघते आणि ज्यांना आगाऊ परवानगी मिळते, ते या यादीत आणखी एक स्थळ घालतात : राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी.

या उत्साहाचे स्वागतच केले पाहिजे. मुलांना वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर नेण्यापेक्षा प्रबोधिनीच्या संचलन मैदानाकडे नेणारा पालक केव्हाही शहाणा म्हणावा लागेल. प्रश्न त्यापुढचा आहे. जून सरता सरता शाळा उघडतात आणि सुट्टीत काय पाहिले म्हणून मी वर्गात मुलांना विचारतो. प्रबोधिनी पाहून आलेला एखादा मुलगा हमखास निघतो. ‘खूप मोठी आहे सर, खूप स्वच्छ आहे, रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा नाही.’ ही उत्तरे खरी आहेत. परंतु एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या किंवा बड्या कारखान्याच्या आवाराविषयीही मुले हेच सांगतील. ती जागा कशासाठी आहे, तिथे कोण राहते, तिथे जाण्याचा रस्ता कोणता, याविषयी त्या मुलाशी कोणी बोललेलेच नसते. घरातील वडीलधाऱ्यांनी छायाचित्र काढले आणि सर्व मंडळी रिक्षात बसली, एवढेच घडलेले असते.

वऱ्हाडकरांच्या बाबतीत कालगणनेचीही एक गंमत आहे. प्रबोधिनीचे वर्ष दोन सत्रांचे असते : जानेवारी ते मे आणि जुलै ते नोव्हेंबर. मे महिन्याच्या अखेरीस दीक्षान्त संचलन होते, अखेरचे पाऊल टाकून एक तुकडी बाहेर पडते आणि उरलेले कॅडेट सुट्टीवर घरी जातात. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात. आपल्याकडे उन्हामुळे विदर्भाची सुट्टी जूनच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबते. साहजिकच पुण्याची गर्दी ओसरल्यावर, पहिला पाऊस पडल्यावर, निवांत जूनमध्ये जाणे आपल्या मंडळींना सोयीचे वाटते. नेमक्या त्याच दिवसांत प्रबोधिनी रिकामी असते. इमारती असतात, मैदाने असतात, फलक असतात. ज्यांच्यामुळे त्या जागेला अर्थ आहे ती अठरा-वीस वर्षांची मुले तिथे नसतात. देऊळ पाहावे आणि देव गावाला गेलेला असावा, तशी ही गत! ज्यांना काही पाहायचे आहे त्यांनी एप्रिल गाठावा, फार तर मेचा पूर्वार्ध.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा गटाबरोबर रीतसर परवानगी काढून एप्रिलच्या अखेरीस तिथे जाण्याचा योग आला होता. बरोबर नववी-दहावीची काही मुले होती. त्यांच्या नजरेत भरली ती इमारत नव्हे, सायकल. प्रबोधिनीतील कॅडेट एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे, मैदानाकडे, जलतरण तलावाकडे सायकलींवर जातात. आणि तेही एकेकटे रमतगमत नव्हे, तर ओळीने, तुकडीने. सायकल नादुरुस्त झाली तर ती खांद्यावर घेऊन धावायचे. तिथे उशीर झाला ही सबब चालत नाही. मिसरूडही नीट न फुटलेली ती मुले घामाने निथळत आमच्या समोरून गेली, तेव्हा आमच्यातला एक मुलगा आपल्या वडिलांकडे वळून म्हणाला, ‘‘बाबा, इथं याले काय करा लागते?’’ वडील हसले. ‘‘पह्यले दहावी तं पास होय,’’ ते म्हणाले आणि कॅमेरा सरसावून पुढे चालू लागले.

त्या गृहस्थांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते सज्जन आहेत, कष्टाळू आहेत, स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनाला न चुकता हजर असतात. पण त्या दुपारी मुलाने विचारलेल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि नव्हते म्हणूनच त्यांनी तो हसण्यावारी नेला. आपल्या मध्यमवर्गाचे लष्कराविषयीचे प्रेम हे असे आहे. त्यात आदर पुष्कळ आहे, अश्रूही आहेत, युद्धाच्या दिवसांत मदतनिधीला रांग लावून दिलेला पैसाही आहे. फक्त आपले पोर नाही.

ती जागा पाहायची तर तिची कथा ठाऊक हवी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पूर्व आफ्रिकेत इटलीच्या सैन्याविरुद्ध जी मोहीम झाली, तिच्यात भारतीय सैनिकांनी सुदानच्या रक्षणासाठी रक्त सांडले. एरिट्रियातील केरेनच्या डोंगराळ लढाईत आपल्या मराठा पलटणीही होत्या. ‘केरेन’ हा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रणसन्मानांपैकी एक आहे. झेंडा परक्यांचा होता, हे खरेच. पण कड्यावर चढणारे पाय सातारा-कोल्हापूरचे होते. त्या बलिदानाची आठवण म्हणून सुदानच्या सरकारने एक लाख पौंडांची देणगी दिली. स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली, देणगीचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला सत्तर हजार पौंड आले. त्या रकमेतून खडकवासल्याच्या या मुख्य इमारतीला हातभार लागला. म्हणून तिचे नाव सुदान ब्लॉक. जोधपूरच्या तांबड्या दगडातील तो घुमट पाठीशी ठेवून छायाचित्र काढणाऱ्या शंभरातील किती जणांना हे ठाऊक असते? ‘सुदान’ म्हणजे ‘चांगले दान’ असा अर्थ सांगणारे एक काका मला भेटले आहेत. अर्थाच्या दृष्टीने ते फारसे चुकलेही नव्हते म्हणा!

तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांनी कोवळ्या वयात एकत्र शिकावे, ही कल्पना स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आकाराला आली. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनला संयुक्त सेवा शाखा सुरू झाली, त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंच्या हस्ते खडकवासल्याला कोनशिला बसली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. तत्कालीन मुंबई राज्याने त्यासाठी जमीन दिली. खडकवासलाच का, याची कारणेही मुलांना सांगण्याजोगी आहेत. नौकानयनासाठी जलाशय, जवळच लोहगावचा विमानतळ, फार दूर नसलेला समुद्र, सौम्य हवा आणि सभोवती सह्याद्रीच्या रांगा. समोर सिंहगड उभा आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे ज्या कड्यावरून वर गेले, तो गड पर्यटक मोटारीने चढतो. कॅडेटला तो पाठीवर ओझे घेऊन पायी चढावा लागतो. त्यांच्या सर्वांत खडतर शिबिराला तोरण्याचे नाव आहे. शिवछत्रपतींनी स्वराज्याचा आरंभ जिथून केला त्या गडाचे नाव केरळच्या, मणिपूरच्या, पंजाबच्या मुलांच्या तोंडी आयुष्यभरासाठी बसते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतील पानांची संख्या मोजत भांडण्यापेक्षा मला हे अधिक समाधानाचे वाटते.

आणि एक लहानशी वास्तू आहे. हट ऑफ रिमेंब्रन्स, स्मृतिकुटी. कॅडेटांनी स्वतःच्या हातांनी ती उभारली. प्रबोधिनीतून बाहेर पडून ज्यांनी देशासाठी देह ठेवला, त्यांची नावे तिथे आहेत. प्रबोधिनीच्या तीन माजी विद्यार्थ्यांना परमवीरचक्र लाभले, तिघांनाही मरणोत्तर. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतून कांगोत लढताना पडले. कॅप्टन मनोजकुमार पांडे ३ जुलै १९९९ रोजी कारगिलच्या बर्फात, वयाच्या चोविसाव्या वर्षी. आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, ज्यांचे नाव आज संचलन मैदानाला आहे. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी, ज्या दिवशी ढाक्यात शरणागती झाली त्याच दिवशी, बसंतरच्या रणांगणात पेटलेला रणगाडा सोडण्यास नकार देऊन मृत्यूला सामोरे गेले. अधिकारी म्हणून त्यांना मिळाले केवळ सहा महिने. वय होते एकवीस. त्यांची रेजिमेंट पूना हॉर्स. आपल्या घरातील एकवीस वर्षांचा मुलगा त्या वयात काय करीत असतो, ही तुलना मी करणार नाही. ती ज्याने त्याने आपापल्या घरी करावी.

लष्कर म्हणजे काय, हे कळण्यासाठी चांदूरकराला खरे तर पुण्याला जाण्याचीही गरज नाही. आमच्या गावाचे नावच रेल्वेने दिलेले. चांदूर बाजारहून वेगळे ओळखता यावे म्हणून हे चांदूर ‘रेल्वे’ झाले. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या त्याच लोहमार्गावर वर्ध्याच्या दिशेने निघावे. धामणगाव मागे पडते, वर्धा नदीचा पूल येतो आणि पलीकडे पुलगाव. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार हे आशियातील मोठ्या भांडारांपैकी एक आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, स्फोट झाले, आणि आग आटोक्यात आणण्यासाठी पुढे सरसावलेले अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी प्राणांस मुकले. मृतांमध्ये दोन अधिकारी होते. ‘साहेब मागे आणि शिपाई पुढे’ अशी लष्कराविषयीची जी समजूत पारावर ऐकू येते, तिला त्या रात्रीने दिलेले उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे. पुलगावचे दार पर्यटकाला उघडे नाही आणि नसावेच. परंतु गाडी त्या स्थानकातून जात असताना मुलाला खिडकीशी बसवून ही हकीगत सांगायला कोणाची परवानगी लागते?

आता थोडे कटू बोलतो. चांदूर-अमरावती मार्गावर पहाटे पाचला बाहेर पडावे. अंधारात मुले धावताना दिसतात. काहींच्या पायांत बूट असतात, काहींच्या नसतात. ही मुले शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, लहान दुकानदारांची आहेत. कोणी पोलीस भरतीसाठी धावतो, कोणी सैन्यभरतीसाठी. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी. त्यातील किती पुढे कायम होतील, याची त्यांना खात्री नाही; तरी ती धावतात. त्यांच्यासाठी सैन्य हे पर्यटनस्थळ नाही. प्रबोधिनीच्या आवारात छायाचित्र काढणारी मुले मात्र या रस्त्यावर दिसत नाहीत. ती त्या वेळी झोपलेली असतात, कारण रात्री अकरापर्यंत शिकवणी असते आणि पुढे कोटा किंवा पुणे असते. म्हणजे एका रस्त्याने शिपाई जातात आणि दुसऱ्या रस्त्याने प्रेक्षक. अधिकारी होण्याचा जो तिसरा रस्ता आहे, त्यावर वऱ्हाडातून फार थोडे पाय पडतात. धावणाऱ्या मुलाला तो ठाऊक नसतो. झोपलेल्या मुलाच्या वडिलांना तो धोक्याचा वाटतो.

हा रस्ता काही गुप्त नाही. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो, साधारणतः एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीला असणारा विद्यार्थीही बसू शकतो. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. कला शाखेच्या मुलाला वाट बंद आहे, ही आपल्याकडील सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. मात्र लेखी परीक्षेत गणिताचे तीनशे गुण असल्याने त्या मुलालाही गणित सोडून चालणार नाही. सामान्य क्षमतेचे सहाशे गुण, त्यात इंग्रजीचे दोनशे. त्यानंतर निवड मंडळापुढील पाच दिवसांची मुलाखत, तिचे नऊशे गुण. लेखी परीक्षेइतकेच वजन या मुलाखतीला आहे, हे नीट लक्षात घ्यावे; कारण पाठांतराने गुण मिळवण्याची आपली सारी हुशारी तिथे निरुपयोगी ठरते. ओंडका, दोर आणि आठ-दहा अनोळखी सोबती देऊन अडथळा पार करण्यास सांगतात आणि कोण हुकूम सोडतो, कोण खांदा देतो, कोण गप्प राहतो, हे दुरून पाहत असतात. परीक्षेचे शुल्क शंभर रुपये; मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तेही नाही. निवड झाल्यावर तीन वर्षांचे शिक्षण व निवासाचा भार शासन उचलते, पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते आणि पुढचे एक वर्ष भूदलासाठी डेहराडून, नौदलासाठी एळिमला किंवा वायुदलासाठी दुंडिगल. कोट्याच्या एका वर्षाच्या खर्चाशी हा हिशेब ताडून पाहावा.

स्पर्धा भयंकर आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. दर खेपेला जागा चारशेच्या आसपास आणि अर्ज लाखांनी. पण आयआयटीची स्पर्धा सौम्य आहे, असे कोण म्हणेल? तिथे मात्र आठवीपासून तयारी सुरू होते, शेत विकून शुल्क भरले जाते. अडचण स्पर्धेची नाही. आई-वडिलांच्या मनात एक भीती असते आणि ती मोठ्याने बोलण्यास कोणी तयार नसते. मुलगा परत आला नाही तर? ती भीती खोटी नाही आणि तिची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्याचे स्वतःचे मूल सीमेवर नाही अशा लेखकाला तर मुळीच नाही. एवढेच म्हणता येईल की पहाटे धावणाऱ्या मुलाच्या आईलाही ती भीती आहे. ती आपल्याइतकी लिहिती-वाचती नाही, म्हणून तिच्या भीतीविषयी कोणी विचारीत नाही.

हा विचार आपल्या भागाला नवीन नाही. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे व्यवसायाने नेत्रशल्यविशारद होते. पण सैन्यातील अधिकारीपद भारतीयांच्या हाती आल्यावाचून स्वातंत्र्य टिकणार नाही, हा विषय त्यांनी आयुष्यभर लावून धरला. शिपाई आमचे आणि हुकूम दुसऱ्याचा, ही व्यवस्था त्यांना सलत होती. १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली. तिच्या पहिल्या चाळीस जणांच्या तुकडीत सॅम माणेकशा होते. केवळ अकादमी पुरेशी नाही, तिथवर पोहोचणारी मुले शाळेपासून घडवावी लागतील, हे ओळखून मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे केले. स्वातंत्र्यानंतर शासनानेही हीच दिशा धरली. देशातील सैनिक शाळांचा आरंभ १९६१ मध्ये साताऱ्यापासून झाला. १९७७ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राज्य शासनाने सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली; दहावीनंतरच्या दोन वर्षांत मुलांना प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करणे हेच तिचे काम. विदर्भाला आपली सैनिक शाळा मिळण्यास मात्र २०१९ साल उजाडावे लागले, तेव्हा चंद्रपूरची शाळा सुरू झाली. अठ्ठावन्न वर्षांचे हे अंतर! विदर्भाच्या अनुशेषावर अहवालांचे ढीग पडले. त्यात या अनुशेषाची नोंद मी पाहिलेली नाही.

मुलींच्या बाबतीत तर कालपरवापर्यंत प्रश्नच नव्हता. मुलगी प्रबोधिनी पाहू शकत होती, तिथे शिकू शकत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम आदेश देऊन तिला परीक्षेला बसू दिले, २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली दीक्षान्त संचलनात मुलांच्या खांद्याला खांदा लावून चालल्या. तो मे महिना साधा नव्हता. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर झाले होते, देशाचे लक्ष सीमेकडे होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मुली मल्लखांब आणि लाठी-काठी करतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने पाहत आलो आहोत. त्या मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. शरीर कमावण्याची परंपरा इथे आहेच. त्या मुलींच्या घरी खडकवासल्याचा विषय निघतो का, एवढेच विचारायचे आहे.

काही मंडळींचे म्हणणे असे असते की, सैनिकी संस्था पर्यटकांना सर्रास खुल्या कराव्यात. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला तिकीट काढून मार्गदर्शकासह फिरता येते, मग आपल्याकडे एवढे अडसर का? मला हा युक्तिवाद पटत नाही. आपले शेजारी अमेरिकेचे शेजारी नाहीत. शिवाय आपल्या पर्यटनाची रीत आपण जाणतोच. धरणाच्या काठावर सोमवारी सकाळी पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पाहाव्यात. जिथे मुले शिकत आहेत, थकत आहेत, शिक्षा भोगत आहेत, तिथे त्यांच्याकडे प्राणिसंग्रहालयासारखे पाहणाऱ्या गर्दीची गरज नाही. परवानगी, ओळखपत्र, ठरलेली वेळ, मर्यादित जागा, हे सारे योग्य आहे आणि ते कुरकुर न करता पाळावे. ‘आमचा भाचा तिथे आहे, आम्हाला कोण अडवतो’ ही भाषा त्या दारात शोभत नाही. ज्यांना केवळ पाहायचेच आहे त्यांच्यासाठी नागपूरचा सीताबर्डी किल्ला आहे. तो लष्कराच्या ताब्यात असला तरी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला नागरिकांसाठी उघडला जातो. शासनानेही २०२५ च्या सैन्यदिनी रणभूमी-दर्शनाचा उपक्रम आरंभून सीमेवरील अनेक युद्धस्थळे पर्यटनाच्या नकाशावर आणली आहेत. पाहण्याची भूक भागविण्यास हे पुष्कळ आहे.

प्रबोधिनीला जायचे ते दुसऱ्या कारणासाठी. तेव्हा माझी पालकांना सूचना अशी की, ज्या घरात पाचवी ते दहावीचे मूल आहे, त्यांनी पुण्याचे तिकीट काढण्यापूर्वी दोन संध्याकाळी याच विषयावर घालवाव्यात. सलारिया, खेत्रपाल, पांडे ही तीन नावे आणि सुदानची हकीगत मुलाला आधी सांगावी. संचलनाला प्रत्यक्ष हजर राहणे निमंत्रणावाचून शक्य नाही. पण त्याचे चित्रण घरबसल्या पाहता येते, ते दाखवावे. मग मूल तिथे गेल्यावर आपोआप प्रश्न विचारील. गटाने जायचे असेल तर शाळेने पत्र लिहावे, महिना-दोन महिने आधी लिहावे, आणि एप्रिलसाठी लिहावे. धावणाऱ्या मुलांपैकी दोघा-चौघांना बरोबर घ्यावे. त्यांच्या प्रवासाचा खर्च गावातील चार सुखवस्तू घरांना जड नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीतील एका दिवसाच्या विद्युत रोषणाईत तो भागेल.

ज्यांचे मूल पाचवीत किंवा आठवीत आहे, त्यांच्यासाठी सैनिक शाळांची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा असते, सहावी आणि नववीच्या प्रवेशासाठी. चंद्रपूर आणि सातारा दोन्ही तिच्या कक्षेत येतात. दहावीतल्या मुलाने संभाजीनगरच्या संस्थेची जाहिरात पाहत राहावे. मुलींसाठी तशीच शासकीय संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी लोकसेवा आयोगाची सूचना साधारणतः डिसेंबर आणि मे महिन्यात निघते. मे म्हणजे नेमके आपले पुण्याला निघण्याचे दिवस. अर्ज संगणकावरूनच भरायचा असतो, परीक्षेचे केंद्र नागपूरला मिळते, आणि मुलाखतीसाठी निवड मंडळांपैकी आपल्याला सर्वांत जवळचे भोपाळ. नागपूरहून एका रात्रीचा प्रवास.